नॉर्मल दादूभाई

लवंगेचा वास आला की मला अजूनही सकाळचे पावणेआठ वाजल्यासारखं वाटतं. इतरांना लवंग म्हटल्यावर मसालेभात आठवत असेल. मला आठवते मिरजेतल्या आमच्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाची दोन खोल्यांची प्रयोगशाळा, पूर्वेची खिडकी आणि खुर्चीत बसून शर्टाची बाही दुमडणारे दादूभाई मुजावर. "घ्या मॅडम, ताजं हाय," असं भाजीवाल्याच्या थाटात म्हणायचे आणि हात पुढे करायचे. दर सोमवारी आणि गुरुवारी. अकरा वर्षं.

दादूभाई माझे तंत्रज्ञ होते. मी डॉ. चारुशीला मेहेंदळे, हृदयरोगतज्ज्ञ, वय वर्षं पंच्याहत्तर, निवृत्त आणि भाच्यांच्या मते तिरसट. आज चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला मसुराएवढी टिकली चिकटवलेली असते. ती कातडीतून उजेड सोडते आणि खालच्या बारीक रक्तवाहिन्यांमधल्या प्लेटलेट्स किती चिडल्यात ते मोजून आकडा दाखवते. ती हिरवी राहायची की लाल व्हायची, हे माझ्या एका आकड्यावर ठरतं. त्याला 'मेहेंदळे मर्यादा' म्हणतात. हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आम्ही शिकत होतो तेव्हा हृदयविकार म्हणजे नळ तुंबणं, असं सरळ गणित होतं. चरबी साचते, रक्तवाहिनी अरुंद होते, एक दिवस बंद पडते. पण माझ्यासमोर असे कितीतरी रुग्ण यायचे, ज्यांच्या वाहिन्या फारशा अरुंद नव्हत्या आणि तरी झटका आला होता. नळ मोकळा होता, पण त्याची भिंत आतून सुजलेली होती. शरीरात कुठेतरी, हिरड्यांत म्हणा, सांध्यांत म्हणा, वर्षानुवर्षं दाह धुमसत असला की त्याची झळ रक्तवाहिन्यांना लागते. भिंतीला चीर पडते आणि ती बुजवायला प्लेटलेट्स धावतात. बोट कापल्यावर रक्त थांबवतात त्या याच. पण दाहाने आधीच चिडलेल्या प्लेटलेट्स चीर बुजवून गप्प बसत नाहीत. एकीला दुसरी चिकटत जाते, गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो. त्या किती चिडल्यात हे आधीच मोजता आलं, तर झटका येण्यापूर्वी माणूस ओळखता येईल, एवढा एकच ध्यास मी घेतला होता. विभागप्रमुख म्हणायचे, "मेहेंदळे, तुमच्या सहवासात कुणीही चिडेल. त्यात प्लेटलेट्सचं काय नवल?"

मोजायचं तर आधी माप हवं. प्लेटलेट्सची प्रयोगशाळा चालवणाऱ्या प्रत्येकाची ही गरज असते. रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी एका निरोगी माणसाचं ताजं रक्त लावून यंत्र जुळवून घ्यायचं. हा निरोगी माणूस कुठून आणणार? जगभर सगळे जे करायचे तेच आम्ही केलं. घरातलाच माणूस घेतला.

दादूभाई तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. काटक अंग, सायकलवर ये-जा, विडी-तंबाखू नाही. त्या वेळच्या यंत्रात प्लेटलेट्सवर औषधाचा थेंब टाकला की त्या गोळा व्हायच्या आणि कागदावर पेन वर चढत जायचं. दादूभाईंची रेघ इतकी शांतपणे चढायची की मी ती चौकट करून भिंतीवर लावली होती. नळी उजेडात धरून हलकेच कलती केली की निरोगी प्लेटलेट्सची एक चमक आत फिरते. ती बघायला ते खिडकीशी जायचे. "बगा मॅडम, रेशीम हाय नुसतं." स्वतःच्या रक्ताचा इतका निरागस अभिमान मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

तर ठरलं, की दादूभाई म्हणजे एक. रेघेशिवाय प्लेटलेट्सच्या चिडचिडीचा एक आकडा आम्ही वेगळा काढायचो; रुग्णाचा तो आकडा त्या दिवशीच्या दादूभाईंच्या आकड्याने भागायचा. रुग्ण दादूभाईंच्या दुपटीला पोचला, की धोका. नळीवर त्यांचं नाव नसायचं, फक्त 'नॉर्मल' असा शिक्का असायचा. निवासी डॉक्टर त्यांना जिन्यात हाक मारायचे, "काय नॉर्मल, जेवलात का?" ते हसायचे.

नॉर्मल माणसाला एकच कडक नियम होता आणि तो माझा होता. अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही, दुखण्यावरची कुठलीही गोळी घ्यायची नाही. एक अ‍ॅस्पिरिन घेतली की प्लेटलेट्स दहा दिवस बधिर होतात आणि तेवढे दहा दिवस ते रक्त बाद. पहिल्याच महिन्यात डोकं दुखलं म्हणून दादूभाईंनी एक गोळी घेतली आणि वीस रुग्णांचे नमुने फुकट गेले. मी त्यांना सगळ्यांदेखत फाडफाड बोलले. पुन्हा त्यांनी कधी गोळी घेतली नाही. दाढ दुखायची त्यांची, अधूनमधून. मग शर्टाच्या खिशातल्या पुडीतून लवंग काढून दाढेखाली धरायचे. सगळी प्रयोगशाळा त्या वासाची झाली होती.

दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात एका सोमवारी ते नेहमीच्या वेळी आले, खुर्चीत बसले, बाही दुमडली. चेहरा घामाने भिजलेला होता. मी नाडीला हात लावला आणि ओरडले. परिचारिका धावत आली, तिने अ‍ॅस्पिरिन त्यांच्या तोंडापुढे धरली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, गोळी? मग आजचं रक्त?" तिने गोळी तोंडात घातली तोवर मान कलली होती. पन्नास पावलांवर हृदयविभाग होता. मी स्वतः चाळीस मिनिटं झगडले. काही उपयोग झाला नाही.

'मग आजचं रक्त?' हे वाक्य मी नंतर तीस वर्षं सगळीकडे सांगितलं. दिल्लीत सांगितलं, परदेशात सांगितलं. संशोधनावरची निष्ठा म्हणजे काय, तर आमचे दादूभाई. लोकांचे डोळे पाणवायचे, माझेही पाणवायचे. एवढ्या निरोगी माणसाला झटका यावा, हे दैव, असं मी म्हणायचे. त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये अ‍ॅस्पिरिनची पट्टी असते, तीही मी व्याख्यानात काढून दाखवायचे.

पुढच्या वर्षी निबंध छापून आला. दादूभाईंच्या अखेरच्या महिन्यांतल्या नमुन्यांवरून पक्कं माप बनवलं गेलं. पुढे टिकली आली तेव्हा कारखान्यांनी तेच माप उतरवून घेतलं.

यंदा रुग्णालयाने नव्या हृदयविभागाला माझं नाव द्यायचं ठरवलं. रविवारी समारंभ. जुनी प्रयोगशाळा पाडायची होती, म्हणून तिथलं उणे ऐंशी अंशांचं शीतकपाट रिकामं करायला माझी विद्यार्थिनी डॉ. सावनी घोरपडे पुण्याहून आली. आता ती मोठ्या संस्थेची प्रमुख आहे, तरी माझ्यासमोर उभीच राहते. कपाटात दादूभाईंच्या नळ्या होत्या, अकराशेच्या वर.

सावनीने बरोबर 'मागोवा' आणला होता. हे यंत्र तिच्याच संस्थेत तयार झालंय. प्लेटलेटला स्वतःचं केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं काही ठरवू शकत नाही. हाडांच्या मगजातली तिची आई तिला घडवते आणि निघताना जे निरोप पिशवीत भरून देते, तेवढ्यावरच ती दहा दिवस जगते. सासरी निघालेल्या मुलीच्या पिशवीत आई काय काय कोंबते, ते बघून माहेरी काय चाललंय हे कळतं ना, तसंच. मगजातल्या त्या पेशी दाह विसरत नाहीत. कधी सुरू झाला, किती वाढला, याच्या खुणा त्यांच्यात राहतात आणि त्या खुणा पिशवीतल्या निरोपांत उतरतात. मागोवा ते निरोप वाचतो. गोठवलेल्या एका थेंबावरून माणसाची मागची पंधरा-वीस वर्षं सांगतो.

"मॅडम, समारंभात दाखवू या," सावनी म्हणाली. "दादूभाईंचा आलेख. तुमच्या नॉर्मलचा."

मला कल्पना फार आवडली. दादूभाई पुन्हा एकदा भिंतीवर, या विचाराने मी दोन दिवस खुशीत होते.

बुधवारी दुपारी सावनी माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काय झालं? यंत्र बिघडलं?"

"नाही मॅडम. तीनदा लावलं."

तिने आलेख पुढे केला. रेघ पहिल्या नळीपासून वर होती आणि दर वर्षी आणखी वर जात होती. अखेरच्या गुरुवारची, मृत्यूच्या चार दिवस आधीची नळी कागदाच्या वरच्या कडेला टेकली होती.

"हिरड्या," सावनी हळूच म्हणाली. "मागोवा उगमही सांगतो. दाढांखाली अकरा वर्षं पू होता त्यांच्या."

"पण त्यांची रेघ…" मी म्हणाले. "ती तर शांत होती."

हे म्हणतानाच मला वास आला. खरा नव्हे, आठवणीतला. लवंगेच्या तेलाने प्लेटलेट्स थोड्या सुस्तावतात, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी स्वतः ते विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. यंत्रातली ती सुंदर रेघ लवंगेची होती. आणि चिडचिडीचा जो आकडा आम्ही वेगळा मोजायचो, तो दादूभाईंच्या बाबतीत कुणी तपासलाच नव्हता. ते एक होते ना! त्यांचा आकडा त्यांच्याच आकड्याने भागायचा. ते आतून सडत गेले तरी एकच राहिले. गज खोटा आहे का, हे त्याच गजाने मोजत बसलो आम्ही.

सावनीने माझी जुनी वही आणली होती. बाकीच्या निरोगी लोकांची सरासरी शून्य पूर्णांक सहा आली होती. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'सगळी तरुण पोरं आहेत. ठीक.' म्हणजे मला दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी स्वतःची समजूत घातली होती.

"म्हणजे मर्यादा दोन नव्हे," मी म्हणाले. "शून्य पूर्णांक सहाची दुप्पट, एक पूर्णांक दोनच्या आसपास. मधल्या सगळ्यांना आपण हिरवं दाखवतोय."

"मॅडम, समितीपुढे ठेवते मी. महिन्याभरात टिकल्यांचं माप गुपचूप बदलता येईल. रविवारचं होऊन जाऊ दे. तुमचं नाव…"

"नावाला काय जाळायचंय?" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. मग मी रडले. तिच्यासमोर पहिल्यांदाच. मर्यादा चुकली याचं दुःख होतंच, पण त्याहून वेगळं एक दुःख होतं. आठवड्यातून दोनदा, अकरा वर्षं मी त्या माणसाचं रक्त हातात घेतलं होतं आणि एकदाही त्याला तोंड उघड म्हटलं नव्हतं.

पत्र मी गुरुवारी सकाळी आरोग्य खात्याला पाठवलं. चूक माझी, मर्यादा आजपासून रद्द करा, माझ्या नावाने जाहीर करा. समारंभही नको म्हणून कळवलं. मग दादूभाईंच्या मुलीकडे निघाले. तिला हे दुसऱ्याकडून कळायला नको होतं.

तस्लीम मुजावर शाळेत भूगोल शिकवते. अब्बा गेले तेव्हा अठरा वर्षांची होती, आता अठ्ठेचाळीस. दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला मला फोन करते. मी गेले तेव्हा ती शाळेतून नुकतीच आली होती. दार उघडलं आणि लवंगेचा वास आला.

किती बरं वाटलं मला, काय सांगू! क्षणभर सगळं विसरले. पूर्वेची खिडकी, दुमडलेली बाही, रेशीम. दारातच उभी राहून मी तो वास घेतला.

"या की मॅडम, आत या. बसा." तिने गालातली लवंग सरकवली. "दाढ दुखतीय हो आठ दिवस. अब्बांचं औषध."

मी बसले आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. आलेख, हिरड्या, लवंग, माझी वही, सगळं. काही लपवलं नाही. ती खाली मान घालून ऐकत होती.

"दाताचा डॉक्टर गोळ्या देणार आणि गोळी तर चालत नाही, म्हणून ते गेलेच नाहीत," मी म्हणाले. "चुकलं माझं, तस्लीम."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "तुम्ही ते सांगता ना भाषणात, मग आजचं रक्त, ते? मी ऐकलंय एकदा. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"हो."

"ते तिथं पहिल्यांदा नव्हते म्हणाले, मॅडम. त्या दिवशी पहाटे नमाजला उठले तेव्हाच छातीत धरलं होतं त्यांना. अम्मीनं गोळी आणली, पाण्याचा पेला आणला. गोळी घेतली तर दहा दिवस माझं रक्त बाद, म्हणाले. आज सोमवार हाय. मॅडम माझं रक्त आठवड्यातून दोनदा बघतात, मला काय असतं तर त्यांना दिसलं नसतं व्हय? असं म्हणाले आणि सायकल काढली."

तिने लवंग दुसऱ्या गालात घेतली.

"अम्मी शेवटपर्यंत म्हणायची, मीच जबरदस्तीनं घालायला पाहिजे होती तोंडात. मरेस्तोवर तेच. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

ती गोळी दोन तास आधी पोटात गेली असती तर दादूभाई वाचले असते का? सांगता येत नाही. डॉक्टर म्हणून मी एवढंच म्हणू शकते, की बरेच जण वाचतात. माझ्या एका नियमाचं ओझं ती बाई जन्मभर वाहत होती आणि मी त्या वाक्यावर टाळ्या घेत होते. लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

तस्लीम पाणी आणायला उठली. दोन पावलं गेली, थांबली आणि खालच्या जबड्याला हात लावून उभी राहिली.

"काय होतंय?"

"दाढ हो. शाळेचा जिना चढला की जास्त. बसलं की थांबतं."

मी उठले. पंच्याहत्तर वर्षांचे गुडघे, पण उठले. "जिना चढल्यावर दाढ दुखते? बसल्यावर थांबते?"

"व्हय. आज नुसतीच दुखतीय, बसूनसुद्धा."

"तोंड उघड."

तिने उघडलं. मी फोनच्या उजेडात पाहिलं. हिरड्या गुलाबी होत्या, दाढा एकूण एक पक्क्या. दुखत होतं ते दाढेत नव्हतं. हृदय दुखतं तेव्हा पुष्कळदा ते जबड्यात बोलतं. हे कळायला मागोवा लागत नाही, विचारावं लागतं.

"टिकली काय दाखवते?"

तिने मनगट उलटं केलं. "हिरवीच आहे की. एक पूर्णांक सात. म्हणून तर मी…"

एक पूर्णांक सात. हिरवी. माझ्या नावाची हिरवी.

मी एका हाताने गाडी बोलावली, रुग्णालयात फोन लावला आणि दुसऱ्या हाताने पर्समधली पट्टी काढली. व्याख्यानात दाखवायची पट्टी. दर वर्षी नवी घ्यायचे, तीस वर्षांत त्यातली एकही गोळी कुणाला दिली नव्हती. गोळी निघेना, मग दातांनी फोडली.

तस्लीम खुर्चीत बसली होती. तिने ब्लाउजची बाही वर सरकवली आणि हात पुढे केला, हुबेहूब तसाच.

"मॅडम, आधी रक्त घ्या," ती म्हणाली. "मापाला लागंल ना तुमच्या? गोळी घेतल्यावर दहा दिवस…"

"खड्ड्यात गेलं रक्त," मी म्हणाले. "ती लवंग थुंक आधी. ही घे. गिळू नकोस, चाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लवंग काढून टाकली आणि गोळी तोंडात घातली. कडू लागली असावी, चेहरा वाकडा केला. मी तिच्या पुढ्यात उभी राहून तिचा जबडा हलताना पाहत होते. खाली गाडीचा भोंगा वाजला तरी हलले नाही.

"चावली?"

"व्हय."

"दाखव."

तिने लहान पोरीसारखं तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवली. गोळी गेली होती. मी तिचा दंड धरला आणि आम्ही निघालो.